न पडलेल्या बर्फाचा भाव

1976-77 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या बफेलो शहरावर 199.4 इंच बर्फ पडला. म्हणजे पाच मीटर. 2011-12 च्या हिवाळ्यात त्याच शहरावर, त्याच सरोवराच्या काठी, 36.7 इंच पडला. एक मीटरसुद्धा नाही. या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी बोट ठेवून तिथला कंत्राटदार दर वर्षी सप्टेंबराच्या आसपास एका कागदावर रक्कम लिहितो आणि खाली सही करतो. या दुकानांसमोरची पार्किंगची जागा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मी मोकळी ठेवीन, एवढ्या पैशांत. तो हे लिहितो तेव्हा बाहेर ऊन असतं, डांबर हाताला चटका देत असतं आणि लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात खरेदीला येत असतात.

कोकणात मोहोर बघून आंब्याची अख्खी बाग घेणारा व्यापारी असाच सौदा करतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर निदान मोहोर तरी असतो. बर्फाच्या कंत्राटदारासमोर काहीच नसतं. तरीही तो जी रक्कम लिहितो ती अंदाजपंचे नसते. ती नीट वाचता आली तर तिच्यात सरोवराचं तापमान सापडतं, बर्फाची घनता सापडते, जमिनीचा उतार, न्यायालयांचे निकाल आणि चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेला एक समुद्रसुद्धा सापडतो. पार्किंगच्या जागेसारख्या निर्विकार, करड्या पृष्ठभागावर इतकं सगळं एकत्र येतं याचं मला राहून राहून नवल वाटतं.

सुरुवात सरोवरापासून करू. ईरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे 388 किलोमीटर लांब पसरलेलं आहे आणि बफेलो बरोबर त्याच्या पूर्वेच्या टोकाला आहे. हिवाळा सुरू होताना सरोवराच्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते. थंड वारा त्या सगळ्या लांबीवरून वाहत येतो, खालून ऊब आणि ओल उचलत येतो, वर चढतो, आणि किनारा लागला की उचललेलं सगळं बर्फ होऊन खाली येतं. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात साधारण 13 अंश सेल्सियसचा फरक पडला की हा प्रकार सुरू होतो, असा हवामानशास्त्राचा ठोकताळा आहे. ईरी हे पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ सरोवर, सरासरी खोली फक्त 19 मीटर. म्हणून ते लवकर तापतं आणि लवकर गोठतं. एकदा वरचा थर गोठला की वाऱ्याला ओल मिळत नाही आणि बर्फाचा कारखाना मंदावतो. बफेलोत बोली लावणारा माणूस म्हणूनच नोव्हेंबर आणि डिसेंबरला सर्वांत जास्त घाबरतो. नेमके तेच दिवस थँक्सगिव्हिंगचे आणि नाताळच्या खरेदीचे. पार्किंग सर्वांत भरलेलं असतं तेव्हाच सरोवर सर्वांत उघडं असतं.

या बर्फाचा पट्टा फार अरुंद असतो. नोव्हेंबर 2014 मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांवर पाच फुटांहून जास्त बर्फ पडला. त्याच वादळात, काही मैलांवर उत्तरेला असलेल्या विमानतळावर त्याचा लहानसा हिस्साच पडला. रस्त्यावर उभं राहून बघितलं तर एका बाजूला निळं आकाश आणि दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत, अशी छायाचित्रं तेव्हा जगभर फिरली. शहराचा अधिकृत बर्फ मोजला जातो तो विमानतळावर. आता समजा, करारात लिहिलंय की पैसे 'अधिकृत नोंदीनुसार' मिळतील, आणि जागा आहे दक्षिणेला. कंत्राटदार दोन दिवस, दोन रात्री पाच फूट बर्फ उपसतो आणि कागदावर मात्र काही इंचच पडलेले असतात. अशा एका वाक्याने माणूस बुडू शकतो. जाणता कंत्राटदार म्हणून आधी ते कलम वाचतो. आता बऱ्याच करारांत तिसऱ्या पक्षाच्या हवामानतज्ज्ञांकडून त्या विशिष्ट पत्त्यासाठी प्रमाणित आकडा घ्यायची अट असते.

आणि मोजणंही सोपं नाही. पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. दर तासाला फळी पुसून मोजत गेलात तर बेरीज जास्त येते, चोवीस तासांनी एकदाच मोजलंत तर कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने म्हणूनच नियम घातला आहे, की पांढऱ्या फळीवर मोजायचं आणि फळी सहा तासांतून एकदाच साफ करायची, त्याहून लवकर नाही. आकाशातून पडलेली वस्तू तीच, पण ती किती पडली हे मोजणाऱ्याच्या घड्याळावर ठरतं. पैशाचा व्यवहार इंचावर असेल तर हे घड्याळही करारात लिहावं लागतं.

आता वजनाकडे येऊ, कारण यंत्राला ढकलायचे असतात टन. बफेलोलगतच्या चीकटोवागा या गावात दहा एकरांची एक जागा आहे असं धरू. साधारण दोनशे मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद. समोर किराण्याचं मोठं दुकान, बाजूला औषधांचं, बँक, दोन-तीन खानावळी. ताज्या बर्फाच्या दहा भागांतून पाण्याचा एक भाग निघतो असा सरासरी हिशेब करतात. त्या हिशेबाने एका एकरावर एक इंच बर्फ म्हणजे सुमारे दहा टन. एका रात्रीत सहा इंच पडला तर आपल्या जागेवर सहाशे टन वजन आवाज न करता येऊन बसलेलं असतं. पण ही सरासरी झाली. सरोवरावरून आलेला भुसभुशीत बर्फ इतका हलका असतो की वीस भागांतून एक भाग पाणी निघतं, कधी त्याहूनही कमी. मार्चमधला ओला बर्फ पाचास एक. म्हणजे कागदावर दोन्ही वेळा 'सहा इंच' आणि जमिनीवर एकदा तीनशे टन, एकदा बाराशे. दर मात्र दोन्हींचा एकच. अनुभवी माणूस दर लावताना इंचाच्या मागचा ओलावाही धरतो.

हे सगळं वितळवून का टाकत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. बर्फ शून्य अंशावर असला तरी तो वितळवायला प्रत्येक किलोला 334 किलोज्यूल उष्णता लागते. सहाशे टनांना सुमारे 55 हजार युनिट वीज होईल इतकी ऊर्जा, तीही एका रात्रीच्या बर्फासाठी. बर्फ वितळवणारी यंत्रं असतात, विमानतळांवर आणि जागा फारच महाग असते तिथे वापरतातही. बाकी सगळीकडे ढकलण्याला पर्याय नाही.

ढकलायचं तर कुठे ढकलायचं? माझ्या मते संपूर्ण बोलीतला सर्वांत सुंदर प्रश्न हाच आहे. आपला चौरस घ्या. सगळा बर्फ एकाच कडेला नेऊन टाकायचा ठरवला तर प्रत्येक कण सरासरी शंभर मीटर सरकवावा लागतो. समोरासमोरच्या दोन कडा मिळाल्या तर पन्नास मीटर. चारही कडांना टाकायची मुभा असेल तर सरासरी अंतर तेहतीस मीटरांवर येतं. बर्फ तेवढाच, जागा तेवढीच, आणि काम एक तृतीयांश. पण चार कडा कधीच मिळत नाहीत. एका कडेला दुकानांची दारं असतात. दुसरी कडा रस्त्याची, आणि सार्वजनिक रस्त्यावर बर्फ लोटणं बेकायदा आहे. उरल्या दोन. त्यातली एक उंचावर असेल तर तीही गेली, कारण उंचावर रचलेला ढीग दुपारी उन्हाने पाझरतो, पाणी उतारावरून सगळ्या पार्किंगभर पसरतं आणि रात्री गोठून काळ्या डांबरावर न दिसणारा काचेसारखा थर होतो. जागा बघायला आलेला चांगला कंत्राटदार ऑगस्टच्या उन्हात पाण्याची झाकणं कुठे आहेत ते बघत फिरतो. जमिनीचा उतार कुठे जातो हे त्यावरून कळतं. उपग्रहाच्या चित्रावरून क्षेत्रफळ दोन मिनिटांत निघतं, उतार मात्र पायाखाली घ्यावा लागतो.

ढिगाचा आकारही मोजता येतो. पडलेला बर्फ ढकलताना दबून साधारण चौपट दाट होतो. सहा इंचांच्या रात्रीचे सहा हजारांहून अधिक घनमीटर दबून दीड हजारावर येतात. सरासरी दोन मीटर उंच रचले तरी पन्नास गाड्यांची जागा त्याखाली जाते. बफेलोत सरासरी हिवाळ्यात 95 इंच पडतो, म्हणजे अशा जवळजवळ सोळा रात्री. मधे वितळतो म्हणून निभतं. नाही वितळला तर ट्रकात भरून बाहेर न्यावा लागतो, आणि ते पैसे 'ढकलण्याच्या' दरात धरलेले नसतात. करारात वाहून नेण्याचं कलम वेगळं आहे की नाही, हे जागामालकाला बरेचदा फेब्रुवारीत कळतं. ढीग किती चिवट असतो त्याचा एक खरा दाखला बफेलोचाच आहे. 2014 च्या नोव्हेंबरातला बर्फ शहराने जुन्या सेंट्रल टर्मिनल रेल्वेस्थानकाच्या आवारात नेऊन टाकला होता. वर माती आणि कचऱ्याचा थर बसला, त्याने आतल्या बर्फाला उन्हापासून राखलं, आणि 2015 च्या जुलैअखेरही तो ढीग तिथे होता.

ढीग अपंगांसाठी राखीव असलेल्या जागांवर टाकता येत नाही. कायदा तर आहेच, पण कायद्याआधी ती माणुसकीची गोष्ट आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला गाडीच्या बाजूला मोकळी पट्टी लागते, आणि पहाटे चारला, अंधारात, ट्रकचालकाला ती पट्टी म्हणजे बर्फ लोटायला मिळालेली रिकामी जागा वाटू शकते. म्हणून हिवाळ्यापूर्वी नकाशावर ढिगाच्या जागा रंगवून देतात, पदपथाच्या कडा, अग्निशमनाचे नळ आणि दिव्यांच्या खांबांचे चौथरे यांच्याजवळ भडक रंगाच्या काठ्या रोवतात आणि आधीच फुटलेल्या कडांचे फोटो काढून ठेवतात. बर्फ पडल्यावर जमिनीचा चेहरा पूर्ण पुसला जातो. तेव्हा चालकाला वाट दाखवणाऱ्या त्या काठ्याच असतात.

काम प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगतो. पिकअप ट्रकच्या पुढे साधारण आठ फुटांचं पातं असतं. ते चपळ असतं, कोपऱ्यांत शिरतं, पण बर्फ त्याच्या दोन्ही बाजूंनी निसटतो. मोठ्या जागेवर लोडर लागतो आणि त्याच्यापुढे पुशर. पुशर म्हणजे पुढून उघडा आणि मागून-बाजूंनी बंद असा पोलादी खोका, बारा-चौदा फूट रुंद, ज्यातून बर्फ बाजूला सांडत नाही. चौदा फुटी पुशर सहा इंच बर्फातून शंभर मीटर नेला तर वाटेत पासष्ट घनमीटर सैल बर्फ त्याच्यापुढे येतो. तो दबतो, तरीही खोका मधेच भरतो. म्हणून पुन्हा अंतराचा हिशेब. चालक जागेच्या मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला लोटत जातो, आणि चांगला चालक एकच बर्फ दोनदा हलवत नाही.

गजबजलेल्या जागेची अडचण अशी की ती कधी रिकामी नसते. उभ्या गाड्यांच्या मधल्या पट्ट्या दिवसा साफ करता येत नाहीत, तेव्हा फक्त गाड्या ये-जा करतात ते मार्ग मोकळे ठेवायचे. खरं काम रात्री दुकान बंद झाल्यापासून पहाटे उघडेपर्यंत. समजा, दुकान सहाला उघडतं आणि बर्फ चारला थांबला. म्हणजे दोन तास. दहा एकर दोन तासांत साफ करायचे तर किती यंत्रं लागतील यावर बोली ठरते. वर्षाकाठी एकूण किती बर्फ पडेल याला इथे फारसा अर्थ नाही, सर्वांत वाईट पहाट कशी असेल याला आहे. त्या एका पहाटेसाठी लोडर नोव्हेंबरपासून त्या जागेवरच उभा करून ठेवावा लागतो, कारण वादळात तो दुसरीकडून येऊ शकत नाही. वर्षातले बहुतेक तास तो काहीही न करता उभा असतो. जागामालकाला ते दिसतं आणि उभ्या यंत्राचे पैसे का द्यायचे, असं वाटतं. पण त्या उभ्या यंत्राचेच तर पैसे असतात. 2022 च्या नाताळात बफेलोत जे हिमवादळ आलं त्यात विमानतळावर पन्नास इंचांच्या वर बर्फ पडला, वाहनबंदी लागू झाली, बर्फ काढणारी वाहनंसुद्धा अडकून पडली आणि चाळीसहून अधिक माणसं दगावली. अशा वेळी कुठलाही करार पाळता येत नाही. चांगल्या करारात तेही लिहिलेलं असतं, की प्रशासनाने रस्ते बंद केले तर घड्याळ थांबेल.

आता पैसे कसे द्यायचे. पडेल त्या प्रत्येक इंचाचे, किंवा प्रत्येक फेरीचे द्यायचे ठरले तर आकाशाचा लहरीपणा जागामालकाच्या डोक्यावर. संपूर्ण हिवाळ्याची एकच रक्कम ठरली तर तो कंत्राटदाराच्या डोक्यावर. बफेलोसारख्या गावात हा लहरीपणा पाचपटीहून मोठा आहे हे सुरुवातीला दिलेल्या दोन आकड्यांनी दाखवलंच. म्हणून समजूतदार मंडळी मधला मार्ग काढतात. तीन वर्षांचा करार करतात, म्हणजे एक वाईट वर्ष दोन बऱ्या वर्षांत मुरतं. किंवा हिवाळ्याची रक्कम ठरवताना बर्फाची वरची मर्यादा घालतात, तिच्यापुढे प्रत्येक इंचाचे वेगळे पैसे, आणि खालची मर्यादा घालून त्याखाली राहिल्यास मालकाला परतावा. कंत्राटदार आपल्या बाजूने आणखी एक छान गोष्ट करतो. तो निम्मी गिऱ्हाइकं ठोक रकमेवर घेतो आणि निम्मी फेरीवर. कोरड्या हिवाळ्यात पहिली त्याला तारतात, जबर हिवाळ्यात दुसरी. कुठलं आकाश येणार हे कळत नसतानाही दोन्ही आकाशांत उभं राहायची सोय त्याने करून ठेवलेली असते. यात गणिताचं पुस्तक कुठे नसतं, पण विम्याच्या कंपन्या ज्या तत्त्वावर चालतात तेच हे तत्त्व आहे.

बर्फ लोटला की काम संपत नाही. पात्याच्या खाली एक पातळ थर राहतोच, आणि माणसं घसरतात ती त्या थरावर. तिथे मीठ लागतं.

मीठ बर्फ वितळवतं असं आपण सहज म्हणतो. ते घडतं कसं हे बघण्यासारखं आहे. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत सुटत असतात आणि सतत परत जाऊन चिकटत असतात. शून्य अंशाला दोन्हींचा वेग सारखा असतो. द्रवात मीठ विरघळलं की परत चिकटणारे कमी पडतात, सुटणारे तेवढेच राहतात, आणि बर्फ हरत जातो. मिठाचं प्रमाण 23.3 टक्के झालं की ते पाणी उणे 21 अंशांपर्यंत गोठत नाही. त्याहून जास्त मीठ घातलं तर उलट गोठणबिंदू वर येऊ लागतो. वादळाआधी डांबरावर मिठाच्या पाण्याचे पट्टे मारतात ते पाणी नेमकं 23.3 टक्क्यांचंच करतात. आधी मारलेलं थोडं मीठ बर्फाला जमिनीला चिकटूच देत नाही, मग पातं तो साल काढल्यासारखा उचलतं. नंतर टाकायला लागणाऱ्या मिठापेक्षा हे बरंच कमी असतं.

थंडी वाढली की मात्र मीठ झपाट्याने दुबळं होतं. उणे एक अंशाला एक किलो मीठ सुमारे 45 किलो बर्फाचं पाणी करू शकतं. उणे सातला तेच एक किलो जेमतेम नऊ किलो. उणे दहाच्या खाली साधं मीठ टाकणं म्हणजे बव्हंशी पैसे आणि नदी दोन्ही वाया घालवणं. तिथे कॅल्शियम क्लोराइड वापरतात, ते विरघळताना स्वतः उष्णता सोडतं. इथे तापमान म्हणजे हवेचं नाही, डांबराचं. नोव्हेंबरात डांबर हवेपेक्षा ऊबदार असतं, तर निरभ्र रात्री ते आपली उष्णता आकाशाला देऊन हवेपेक्षा थंड पडतं, आणि हवा शून्याच्या वर असतानाही त्यावर बर्फ धरतो. म्हणून जाणकार चालकाच्या ट्रकमध्ये जमिनीचं तापमान दाखवणारा अवरक्त तापमापक असतो.

हे मीठ येतं कुठून? चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, सिल्युरियन काळात, आजच्या मिशिगन, ओहायो आणि न्यूयॉर्कच्या भागांवर उथळ समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा आटला आणि मिठाचे थर मागे ठेवून गेला. आज क्लीव्हलँडजवळ ईरी सरोवराच्या तळाखाली आणि कॅनडातल्या गॉडरिच इथे ह्यूरन सरोवराखाली माणसं साधारण अर्धा किलोमीटर खोल उतरून ते खणतात. गॉडरिचची खाण जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. न्यूयॉर्कमधल्या रेटसॉफची खाण शंभरहून अधिक वर्षं चालली. मार्च 1994 मध्ये तिचं छत कोसळलं, त्याची नोंद भूकंपमापकांवर झाली, आणि वर्ष-दोन वर्षांत सगळी खाण पाण्याने भरली. सगळ्या अमेरिकेत रस्त्यांवर आणि पार्किंगवर मिळून दर वर्षी ढोबळमानाने दोन कोटी टन मीठ पडतं. ते कुठेही नाहीसं होत नाही. चीकटोवागातल्या आपल्या पार्किंगवर पडलेलं मीठ वसंतात विरघळून ओढ्यात जातं, ओढ्यातून नायगारा नदीत, धबधब्यावरून ऑंटारिओ सरोवरात, आणि तिथून सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकला. वाटेत ते मासे, झाडं, विहिरी आणि पुलांच्या सळ्या यांच्या संगतीने राहतं. मिनेसोटा राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं लोकांना सांगतं, की एक चहाचा चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटर पाणी कायमचं बिघडवायला पुरतं. क्लोराइड गाळून निघत नाही, कुजत नाही, उडून जात नाही.

मग इतकं टाकतात कशाला? याचं उत्तर थंडीपेक्षा न्यायालयात जास्त सापडतं. पार्किंगमध्ये माणूस घसरून हाड मोडलं तर जबाबदार कोण, याला प्रत्येक राज्यात वेगळं उत्तर आहे. न्यूयॉर्कमध्ये वादळ चालू असेपर्यंत मालकाला सूट आहे, थांबल्यावर वाजवी वेळेत साफ करायला हवं. तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने 2002 मध्ये, कामाच्या ठिकाणच्या पार्किंगमध्ये घसरलेल्या महिलेच्या दाव्यात, बर्फ काढणारा कंत्राटदार त्रयस्थ माणसाला सहसा जबाबदार नाही असं ठरवलं, पण त्याने स्वतःच धोका निर्माण केला तर तो सुटत नाही, असे अपवादही सांगितले. मॅसॅच्युसेट्समध्ये आधी नैसर्गिकपणे साठलेल्या बर्फावरून घसरलात तर दावा चालत नसे. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदच रद्द केला. तो खटलाही पार्किंगचाच, आणि घसरायला कारण होता लोटलेल्या बर्फाजवळ जमिनीला चिकटलेला गोठलेला तुकडा. दावे घटनेनंतर वर्षा-दोन वर्षांनीही येतात, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांपर्यंत मुभा आहे. म्हणून कंत्राटदार प्रत्येक फेरीची वेळ, फोटो, तापमान आणि टाकलेलं मीठ लिहून ठेवतो.

बरेच करार असे असतात की मीठ टाकायचं की नाही हे मालक ठरवणार आणि कुणी पडलं तर जबाबदारी मात्र कंत्राटदाराची. हे अन्याय्य आहे, आणि इलिनॉयने 2016 मध्ये कायदा करून अशा कलमांना लगाम घातला. जिथे तसा कायदा नाही तिथे घाबरलेला कंत्राटदार काय करेल? तो जास्त मीठ टाकेल. त्यात मिठाचे पैसे टनावर मिळत असतील तर जास्त टाकण्यात त्याचा फायदाही आहे. भीती आणि नफा दोन्ही एकाच दिशेला ओढतात, आणि त्या दिशेच्या शेवटाला नदी असते. ठोक रकमेत उलट होतं, तिथे मीठ वाचवण्यात फायदा, मग कधी लोकांच्या पायांखालीच वाचवलं जातं. न्यू हॅम्पशायरने यावर शहाणा उपाय काढला. 2013 पासून तिथे जे कंत्राटदार मीठ जपून वापरण्याचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवतात आणि नोंदी ठेवतात, त्यांना आणि त्यांना नेमणाऱ्या मालकांना घसरण्याच्या दाव्यांपासून कायद्याचं संरक्षण मिळतं. भीती काढली की हात आपोआप आवरतो, हे ओळखणारा हा कायदा मला या सगळ्या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटते. पैसे मिठाच्या टनावर न देता जमीन चालण्याजोगी राहिली की नाही यावर द्यावेत, तापमान आणि नोंदी दाखवायला लावून द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बफेलो, शिकागो, टोरांटो, मिनियापोलिस अशा गावांत राहणारे अनेक मराठी वाचक एखाद्या मंदिराच्या, मंडळाच्या किंवा सोसायटीच्या समितीवर असतील, काहींची स्वतःची दुकानं असतील. सप्टेंबरात तीन-चार कोटेशनं समोर येतील तेव्हा खालची रक्कम बघण्याआधी कंत्राटदारांना विचारा, की इंच कुठे मोजणार, ढीग कुठे रचणार, पहाटेला किती यंत्रं जागेवर उभी असतील. आणि मिठाचं बिल टनावर लावलेलं असेल, तर सही करण्यापूर्वी ते कलम बदलून मागा.